चांगुणाबाईंचा पाहुणा

हजेरीपटावर त्यांचं नाव ‘चांगुणा’ असं होतं आणि त्या स्वतः मात्र ‘चांगुना’ म्हणायच्या. मी नवीनच ऑफिसर झालेली, हातात पेन असलेली. पहिल्याच दिवशी त्यांना दुरुस्त करायला गेले. म्हटलं, “चांगुणा ना? बाणातला ण.”

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “नलाचा न नि बानाचा न, आमच्यात दोगं येकाच घरात रातात. नाव माजं हाय मॅडम, मला ठाव नाय का?”

सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. माझ्या नोकरीचा श्रीगणेशा हा असा झाला.

गोखिवऱ्यात दोन गाळे एकत्र करून उभी केलेली ती इंजेक्शनची कंपनी. मी मनवेलपाड्याहून यायची, चांगुणाबाई खाडीकडच्या एका मिठागराच्या गावाहून. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, काटक बाई. आमच्याकडे काचेच्या अँप्युल भरल्या जायच्या. डॉक्टर टक्कन टोक मोडून आत सुई घालतात, त्या. भरून, टोक वितळवून बंद झाल्या की त्या ‘व्हिज्युअल’ला यायच्या. व्हिज्युअल म्हणजे एक लांबट खोली, ओळीनं बारा टेबलं, प्रत्येक टेबलावर अर्धी काळी, अर्धी पांढरी पाटी आणि वर ट्यूबलाइट. बाईनं पाच-पाच अँप्युल त्यांच्या निमुळत्या मानेकडून धरायच्या, उलट्या करायच्या, काळ्यासमोर बघायच्या, पांढऱ्यासमोर बघायच्या. काळ्यासमोर धागा किंवा काचेची कणी दिसते, पांढऱ्यासमोर काळा ठिपका. दिसलं तर बाजूला काढायचं, नाही दिसलं तर पुढे. दिवसभर हेच.

ऐकायला सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. चांगुणाबाई त्या खोलीच्या मुकादम होत्या, आणि बहुधा मला माझी जागा दाखवायची म्हणून त्यांनी त्याच दिवशी एक ट्रे माझ्यापुढे सरकवला. “बगा बरं मॅडम, खराब किती हायत?”

मी बी.फार्म. झालेली. मन लावून बघितलं आणि म्हटलं, एकही नाही.

“तीन हायत.”

मी पुन्हा बघितलं. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर बघितलं आणि शेवटी तीन काढून दिल्या. त्यांनी त्या एकेक करून दिव्यासमोर धरल्या. दोन बाजूला ठेवल्या आणि तिसरी माझ्या हातात परत दिली. “ही चांगली हाय. व्हत्या दोनच. मी तीन बोललं म्हनून तुमच्या डोल्यानं तिसरी पैदा केली.”

मी ओशाळले. त्या मात्र हसत नव्हत्या. “बोललं का दिसतं, नाय बोललं का दिसत नाय. डोला लय लबाड, मॅडम. त्येच्यावर नजर ठेवावी लागते.”

पुढे चार वर्षं मी त्यांना डोळ्यांवर नजर ठेवताना पाहिलं. हात मागे बांधून त्या ओळीच्या पाठीमागून फिरायच्या. पोरींच्या अँप्युलकडे नाही, हातांकडे बघायच्या. एखादीचा हात एका तालात हलायला लागला, उचल, उलट, काळं, पांढरं, ठेव, की त्या तिच्या खुर्चीला गुडघ्यानं हळूच ढोसायच्या. “डोला घरी गेला तुजा. बोलाव त्याला.” पोरगी दचकायची. डोळे टक्क उघडे, समोर दिव्याखाली अँप्युल, आणि मागच्या पाच मिनिटांत काय पाहिलं ते तिला सांगता यायचं नाही. रेश्मा नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, ती एकदा भडकली. म्हणाली, “मावशी, मैं देख रही थी ना! डोळे बंद होते का माझे?” चांगुणाबाई म्हणाल्या, “उगडे डोले मेलेल्या बोयटाचे पन असतात.” बोईट म्हणजे खाडीचा मासा. रेश्मा त्यावर दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्याच शेजारी डबा उघडून बसली.

दर तासाला दहा मिनिटं सुट्टी असायची. नियमच होता तो, कागदावर. बाकीच्या कंपन्यांत त्या दहा मिनिटांत मुली मोबाइल बघतात. चांगुणाबाई सगळ्यांना मागच्या खिडकीशी उभ्या करायच्या आणि तुंगारेश्वरचा डोंगर बघायला लावायच्या. “लांब बगा. काय शोदू नका, नुसतं बगा.” मी एकदा गमतीनं विचारलं, डोंगरात काय आहे एवढं? तर म्हणाल्या, “काय नाय, म्हनून तर.”

घरी मात्र त्या काही बघतच नसत. भाजीत मीठ दोनदा पडायचं, नातवाचा सदरा उलटा घातला जायचा. संध्याकाळी घरी पोचल्या की अर्धा तास ओटीवर डोळे मिटून बसायच्या, आणि तेवढ्या वेळात कुणी दिवा लावलेला त्यांना चालायचा नाही. सुनेला लग्नानंतर सहा महिने वाटत होतं की सासूबाई आपल्यावर रुसून बसतात. ते मला चांगुणाबाईंनीच सांगितलं आणि सांगताना पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की ठसका लागला.

आता पाहुण्यांचं सांगायला हवं.

आमचं एक इंजेक्शन होतं, बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव थांबावा म्हणून देतात ते. त्याचा माल फार स्वच्छ यायचा. ट्रेमागून ट्रे जायचे, एक खराब अँप्युल निघायची नाही. मॅनेजर साहेब खूश, मी खूश. चांगुणाबाई मात्र अस्वस्थ. “येवडं चांगलं चांगलं नाय मॅडम. डोल्याला काय घावलंच नाय तर तो कशाला जागा राहील?” आणि खरंच, त्या मालाच्या दिवशी खोलीभर हात तालात चालायचे. त्या किती खुर्च्या ढोसणार? त्यावर त्यांनी आपल्या डोक्यानं एक उपाय काढला. जुन्या, बाद केलेल्या, धागा असलेल्या चार-पाच अँप्युल त्यांनी जपून ठेवल्या, बुडाला निळ्या पेनानं बारीक ठिपका दिला, आणि सकाळी कुणाला न सांगता त्या ट्रेमध्ये सोडायला लागल्या. त्यांना त्या ‘पावने’ म्हणायच्या. संध्याकाळी दिवे बंद करण्याआधी विचारायच्या, “पावने घरी आले का सगले?” जिनं पाहुणा पकडला असेल तिला आगाशीच्या बाजारातून आणलेलं सुकेळं, म्हणजे उन्हात वाळवलेलं गोड केळं, मिळायचं. मोठ्या मोठ्या बायका त्या एका सुकेळ्यासाठी जीव तोडून बघायच्या. खोली जागी झाली. खरे धागेसुद्धा जास्त सापडायला लागले.

हे नियमात बसत नव्हतं. चांगल्या मालात मुद्दाम खराब अँप्युल घालायची, हे आमच्या धंद्यात ऐकलं तरी लोक कानांवर हात ठेवतील. कंपनी स्वतः या बायकांच्या नजरेची परीक्षा सहा महिन्यांतून एकदा घ्यायची. त्या दिवशी सगळ्या जणी डोळ्यांत तेल घालून बसायच्या, सगळ्या पास व्हायच्या, आणि दुसऱ्या दिवशी डोळे पुन्हा आपापल्या घरी. मला पाहुण्यांची गोष्ट दुसऱ्याच आठवड्यात कळली. मी चांगुणाबाईंना थांबवलं नाही आणि वर कळवलंही नाही. संध्याकाळी त्यांची मोजणी पूर्ण झाल्याशिवाय माल पुढे जात नसे, आणि चार वर्षांत एकही पाहुणा हरवला नव्हता. माझं सुकेळं मला न पकडताच मिळायचं.

मग ती मोठी ऑर्डर आली. त्याच इंजेक्शनची. माल आठवड्यात जायला हवा होता आणि तीन मुली रजेवर होत्या. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, ट्रे दीडपट करा आणि ते दहा-दहा मिनिटांचं प्रकरण चार दिवस बंद ठेवा. शिवाय तपासलेले ट्रे संध्याकाळपर्यंत न थांबवता लगेच पॅकिंगला सोडा. मी मान डोलावली, टेबलावर येऊन चिठ्ठी लिहिली, खाली सही केली आणि व्हिज्युअलच्या दाराला लावली.

चांगुणाबाईंनी ती वाचली. अक्षर लावत लावत वाचायच्या त्या. मग माझ्याकडे आल्या. “मॅडम, ट्रे वाडवा, आमी बसू. नायतर सुट्टी काडा, ते पन सोसू. पन दोनी नका करू. काम कमी असलं का डोला घरी जातो, जास्त झालं का फुडच्या ट्रेवर जातो. हातातल्या बाटलीवर कोन रानार मंग?”

“चारच दिवसांचा प्रश्न आहे, चांगुणाबाई.”

त्या तशाच वळल्या. रिकाम्या तीन टेबलांपैकी एकावर जाऊन स्वतः बसल्या. एरवी पाहुणे सोडलेल्या दिवशी त्या कधी तपासायला बसत नसत, नुसत्या फिरत. आता फिरायला वेळच नव्हता.

मला वाटलं होतं, या गडबडीत त्या पाहुणे सोडणार नाहीत. पण त्या म्हणाल्या, “आताच तर पायजेत.” त्यांना पोरींच्या डोळ्यांचा भरवसा वाटत नव्हता आणि तो वाटावा असं मी काही ठेवलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी पाच वाजता मी आवराआवर करत होते. चांगुणाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. चेहरा राखेसारखा.

“मॅडम, पाच सोडले व्हते. चारच आले.”

त्या क्षणी मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं आणि दर वेळी लाज वाटते. मी म्हणाले, “पडला असेल कुठेतरी. फुटला असेल. उद्या बघू.” उद्या सकाळी गाडी जाणार होती, हे मला माहीत होतं. त्यांनाही होतं.

 “कुनाची तरी लेक असल ना मॅडम. बालंतीन.” एवढंच म्हणाल्या आणि माझी वाट न बघता पॅकिंगमध्ये गेल्या. रचून ठेवलेल्या खोक्यांसमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या आणि तिथल्या माणसांना मोठ्यानं सांगितलं, “गाडी भरायची नाय. यात खराब माल हाय. मीच घातलाय.”

त्या गप्प राहिल्या असत्या तर जगात कुणालाही कळलं नसतं. हे मी आजवर स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

खोकी फोडली. दोन दिवस सगळ्या मुली, मी, चांगुणाबाई, एकेक अँप्युल उलटी करून बुडाचा निळा ठिपका शोधत होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रेश्मा ओरडली, “मावशी, मिल गया!” आनंदानं ओरडली बिचारी. प्रत्येक खोक्यात, ट्रे कुणी तपासला त्याची चिठ्ठी असते. रेश्मानं ती काढली, वाचली, आणि तिचा चेहरा उतरला. तिनं ती चिठ्ठी मुठीत दाबायचा प्रयत्न केला. चांगुणाबाईंनी तिची मूठ उघडली. चिठ्ठीवर ‘चां’ होतं. त्यांचंच अक्षर.

सकाळी घाईत पाचवा पाहुणा कुठल्या ट्रेमध्ये सोडला ते त्या विसरल्या होत्या. दुपारी तोच ट्रे त्यांच्याच टेबलावर आला. त्यांनी स्वतः ठेवलेला धागा त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसमोरून, आधी काळ्यावरून, मग पांढऱ्यावरून, निघून गेला होता. त्यांनी ती अँप्युल हातात घेतली आणि दिव्यासमोर धरली. धागा चांगला नखाएवढा होता. “दिसतो की,” त्या म्हणाल्या. “चांगला दिसतो.”

चौकशी झाली. चांगल्या मालात खराब माल घालायला कुणी सांगितलं? “कोनी नाय. मीच.” ऑफिसरना माहीत होतं का? चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “त्यांना काय ठाव नव्हतं.” मी गप्प बसले. सुट्टीच्या चिठ्ठीबद्दल कुणी विचारलंच नाही. पाहुणा हरवला त्याच संध्याकाळी ती मी दारावरून काढून टाकली होती.

अहवाल मी लिहायचा होता. शेवटी एक रकाना असतो, ‘कारण’. साहेब म्हणाले, एका शब्दात संपवा. ‘कामाचा ताण’ लिहिलं असतं तर ताण कुणी दिला ते लिहावं लागलं असतं. मी लिहिलं, ‘निष्काळजीपणा’.

अहवालावर त्यांचीही सही लागत होती. त्यांनी बोट ठेवून तो शब्द लावत वाचला. “निश्...कालजी...” मग मान वर केली. “म्हंजी मॅडम, मी कालजी केली नाय?”

“तसं नाही हो, चांगुणाबाई. कागदावर लिहायचा एक शब्द असतो तो.”

“पन लिवलंय तेच ना?”

“हो.”

त्यांनी सही केली. आपलं नाव त्यांनी नेहमीसारखं, नळाच्या ‘न’नं लिहिलं. पेन परत देताना म्हणाल्या, “तुमी शिकलेल्या. तुमाला कलत आसल.” दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. कामावरून काढल्याचं पत्र पोस्टानं गेलं.

वर्षभरात मीही ती कंपनी सोडली. रेश्मा कधीमधी फोन करायची. एकदा सहज म्हणाली, “मावशी सारखी तेच विचारते. मॅडमनी तो शब्द खरंच लिहिला होता का, की मीच चुकीचा वाचला?” त्यानंतर मात्र मला घरी बसवेना. एका रविवारी सकाळी मी त्यांच्या गावी गेले.

सून, निशा, नातवाला घेऊन बाजाराला निघालीच होती. मला बघून थबकली, दाराबाहेर आली आणि हळूच म्हणाली, “बरं झालं आलात. आई आता तांदूळसुद्धा निवडत नाहीत. म्हणतात, माज्या हातून खडा रावून जाईल. कुनाच्या तरी दाताखाली येईल.” आणि गेली.

चांगुणाबाई ओटीवर बसल्या होत्या. वाळल्या होत्या खूप. मला पाहून उठल्या, चहा केला, आणि साखर घातली की नाही हे मला तीनदा विचारलं. मी चहा तसाच ठेवला आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं. सुट्टी मी बंद केली. ट्रे मी वाढवले. चिठ्ठी मी काढून टाकली. तो शब्द खोटा होता, आणि तो खोटा आहे हे लिहिताना मला माहीत होतं. “तुमच्याइतकी काळजी करणारं माणूस मी पाहिलं नाही,” मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. किती तरी वेळ फिरवत राहिल्या.

“तुमी चांगल्या म्हनून येवड्या लांब आल्या,” त्या म्हणाल्या. “माजं मन राखाया बोलता, ठाव हाय मला. पन मॅडम, धागा दिसत व्हता ना. मी कालजी केली असती तर मला दिसला असता.”

मी पुन्हा सांगितलं. वेगळ्या शब्दांत सांगितलं. कुठल्याही माणसाचा डोळा तसाच चुकला असता, हे त्यांनीच मला शिकवलं होतं, हेही सांगितलं. त्या प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या, आजारी माणसाचं ऐकून घ्यावं तशा. एरवी रेश्माचं, निशाचं, साऱ्या जगाचं बोलणं त्यांना खरं वाटायचं. मी कागदावर लिहिलं होतं तेही खरं वाटत होतं. फक्त मी आता तोंडानं सांगत होते ते नाही.

निघताना म्हणाल्या, “रिक्षापर्यंत येते.” त्यांनी दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. मी शेजारीच उभी होते. आम्ही मिठागराच्या बांधावरून चालत नाक्यापर्यंत आलो. रिक्षात दोन बायका आधीच बसल्या होत्या. मी बसले, आणि त्या एकदम थांबल्या.

“दार लावलं का मी?”

“लावलंत. मी बघितलं.”

“बगितलं तुमी?”

“माझ्या डोळ्यांनी बघितलं, चांगुणाबाई.”

त्यांनी मान हलवली. हसल्यासारखं केलं. “तरी बगून येते,” म्हणाल्या, आणि मला निरोपही न देता मागे वळल्या.

रिक्षा शेअरची होती. रिक्षावाल्यानं विचारलं, “त्या येतायत का?” मी म्हटलं, थांबा जरा. तो थांबला. तिथून त्यांचं घर दिसत होतं. त्या पोचल्या. कुलूप हातात धरून ओढून पाहिलं, चार पावलं आल्या, पुन्हा वळल्या, पुन्हा ओढलं. पुन्हा वळल्या. रिक्षातली एक बाई म्हणाली, “अहो, आम्हाला उशीर होतोय,” आणि रिक्षा सुटली तेव्हा त्या दाराशीच होत्या.